झाड निघेपर्यंत देव डब्यात

देव घेऊन कुणी तीन आठवड्यांच्या मुक्कामाला जात नाही. गावाला जायचं असलं की शेजारी किल्ली द्यायची, "रोज दोन फुलं वाहा हो" म्हणून सांगायचं आणि निघायचं. घरच बदलायचं असेल तेव्हा देव हलतात. माझ्या मुलाला हे ठाऊक नव्हतं असं मला कुणी सांगू नये. त्याच देवांपुढे बसून तो पाढे म्हणत मोठा झाला.

गेल्या वर्षी डिसेंबरात मी दुबईला उतरले तेव्हा माझ्या हातातल्या पिशवीत लाडवांचा स्टीलचा डबा होता. त्यात लाल खणात गुंडाळलेले आमचे देव होते: सासरचे टाक, बाळकृष्ण आणि माझ्या आईने लग्नात दिलेली अन्नपूर्णा. मुंबईच्या विमानतळावर त्या डब्यापायी मला बाजूला घेतलं होतं. "क्या है इसमें?" तपासणीवरच्या मुलीने विचारलं. "भगवान है," म्हटलं. तिने झाकण उघडलं, पटकन हात जोडले आणि डबा परत दिला. इकडे डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घराच्या दारात मुलाने पिशवी हातातून घेतली, जड लागली म्हणून आत डोकावला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"आई, देव कशाला आणलेस?"

"मग काय रस्त्यावर ठेवून येऊ?"

"बस, चहा टाकतो," म्हणत तो स्वयंपाकघरात गेला. मला वाटलं, मी दमलेय म्हणून विषय वाढवत नाहीये.

माझे यजमान जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. दिवसकार्याला मुलगा कराडला आला होता आणि ढसाढसा रडून म्हणाला होता, "आई, तू आता एकटी राहायचं नाहीस. माझ्याकडे ये, कायमची. मी तुझा व्हिसा करतो." तो ते मनापासून म्हणाला होता, यात मला आजही शंका नाही. पुढे फोनवर "अप्लाय केलंय" झालं, मग "प्रोसेसमध्ये आहे" झालं. दिवाळीनंतर फोन आला की नातीच्या शाळेला डिसेंबरात तीन आठवडे सुट्टी आहे, आत्ता व्हिजिटवर ये, बाकीचं इथे आल्यावर बघू. तिकीट आलं ते येण्याजाण्याचं. मी विचारलं तर म्हणाला, "अगं, ते दाखवायला लागतं."

कराडला आम्ही दोन खोल्यांत भाड्याने राहायचो, बत्तीस वर्षं. पुढच्या खोलीत माझं शिलाईचं मशीन. गल्लीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज मी शिवलेत. घरमालकांना मुलाच्या लग्नासाठी त्या खोल्या हव्या होत्या आणि यजमान असेपर्यंत आम्ही त्यांना दाद दिली नव्हती. तिकीट आलं, आणि मीच मालकांना बोलावून किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. मशीन माझ्याकडे शिकलेल्या एका मुलीला दिलं. भांडी भावाकडे टाकली. मालकांनी आठवड्याच्या आत मधली भिंत पाडली, तेही मला शेजारणीने कळवलं. मुलाला यातलं अक्षर सांगितलं नाही. पोराला सुखद धक्का द्यायचा, असं मी माझ्या मनाला सांगत होते. डोंबलाचा सुखद धक्का!

मुलाचं घर एका बेडरूमचं. मी हॉलमधल्या सोफ्यावर झोपायची. बाल्कनीच्या दाराजवळ एक कोपरा होता, पूर्वेचा, देव ठेवायला अगदी योग्य. पण तिथे ख्रिसमसचं प्लॅस्टिकचं झाड उभं होतं, माझ्या नातीच्या उंचीचं, लुकलुकत्या दिव्यांचं. नात आठ वर्षांची. शाळेत सगळ्यांच्या घरी झाड असतं म्हणून तिने ते हट्टाने घेतलेलं.

"आई, नवं वर्ष झालं की झाड काढते," सूनबाई म्हणाली. "मग त्या कोपऱ्यात देव्हारा ठेवू." ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि घड्यांकडेच बघत होती.

तोवर देव डब्यातच राहिले. सकाळी आंघोळ झाली की मी ओट्यावर डबा उघडायची, गंध लावायची, झाकण लावून डबा वरच्या फळीवर ठेवून द्यायची. शेजारच्या मायक्रोवेव्हमध्ये नातीचे चिकनचे तुकडे गरम व्हायचे. माझा जीव तीळ तीळ तुटायचा, पण म्हटलं, परक्या घरी पहिल्याच आठवड्यात तोंड सोडायचं नाही. परक्या घरी! बघा, शब्द कसा गेला.

मुलगा आणि सून सकाळी सातला बाहेर पडायचे. तो जुमेरा लेक टॉवर्समध्ये कुठल्याशा ऑफिसात, ती त्याच्याही पुढे. मग संध्याकाळी सातपर्यंत मी आणि नात. मी मराठीत विचारायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. "भूक लागली का गं?" "नॉट रिअली." "वेणी घालू का?" "इट्स ओके, आजी." वाईट पोर नव्हती. पण दिवसभर कुणी आपल्याशी असं बोललं की आपण दुकानात उभे आहोत असं वाटायला लागतं. हवा मात्र नामी, आपल्याकडच्या संक्रांतीसारखी. म्हणून चारला मी तिला खाली बागेत न्यायची.

बागेत एक लांब बाक होता आणि त्यावर डिसेंबरभर नुसत्या आज्या. पंजाबी, गुजराती, केरळच्या, एक हैदराबादची. पुढ्यात नातवंडांच्या सायकली आणि स्कूटर. शाळेला सुट्टी लागली की आई-बापांना रजा नसते, मग गावाहून आजी मागवायची, असा तिथला रिवाज. एकमेकींशी आम्ही मोडक्यातोडक्या हिंदीत बोलायचो. पहिल्याच दिवशी हैदराबादच्या बाईंनी मला सरकून जागा दिली आणि विचारलं, "आपका वापसी का टिकट कब का है?"

बाकावर प्रत्येकीला आपली तारीख तोंडपाठ होती. सगळ्यांच्या तारखा एकमेकींपासून दोन-तीन दिवसांच्या अंतरातल्या, शाळा उघडायच्या आगेमागे. मी मान ताठ करून म्हटलं, "मैं तो हमेशा के लिए आई हूँ. मेरा व्हिसा हो रहा है."

गुजराती आजी म्हणाली, "नसीबवाली हो." नातवाच्या नाकाला रुमाल लावता लावता हैदराबादच्या बाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "मेरे को भी पहले साल ऐसाच बोले थे."

मला इतका संताप आला! तुमचा मुलगा तसा असेल, माझा नाही, असं ओठांवर आलं होतं. दोन दिवस मी त्या बाकाकडे फिरकले नाही. पण राहवलं नाही. रात्री जेवताना मुलाला विचारलं, "व्हिसाचं कुठवर आलं रे?" "होईल, इन्शाल्ला," तो म्हणाला आणि सूनबाईने त्याच्या पानात न मागता भात वाढला.

फ्रिजवर नातीने केलेला डिसेंबरचा तक्ता लावलेला होता. कागदावर चौकोन आखलेले, रोज त्या दिवसाच्या चौकोनावर फुली मारायची. पंचविसाव्या चौकोनात झाड, एकतिसाव्यात दारूकाम, पुढे जानेवारीचे पाच-सहा चौकोन आणि शेवटच्यात दप्तर. दप्तराच्या आदल्या चौकोनात एक विमान. मी ते रोज बघायची. सूनबाई ऑफिसच्या कामाला कुठे कुठे जायची, तिचंच असेल, असं धरून चालले होते. दूध काढायला दिवसातून दहादा तो फ्रिज मीच उघडत होते.

एकतीस तारखेला दुपारी नात फुली मारायला स्टुलावर चढली. मी सहज विचारलं, "हे विमान कुणाचं गं?"

"दॅट्स यू, आजी," ती म्हणाली आणि बोट लावून दाखवलं. खिडकीत एक बाई काढली होती, अंबाडा घातलेली. विमानाखाली रंगीत अक्षरांत लिहिलं होतं की आजी घरी जाते. मला इंग्रजी तेवढं वाचता येतं.

मी तिला थालीपीठ लावून दिलं, ते तिने खाल्लं नाही, मग ब्रेडला जॅम लावून दिला. पोरीवर काय चिडायचं? घरात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट तिने कागदावर काढली होती, एवढंच. मुलगा आज सांगेल, आत्ता सांगेल, असं करत मी बारा वाजेपर्यंत जागी राहिले. टीव्हीवर दारूकाम लागलं, तिघांनी मला "हॅपी न्यू इयर" म्हणून मिठी मारली आणि झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सुट्टी. मुलगा म्हणाला, आई, तुला समुद्र दाखवतो. खोर फक्कानला जायला दीड-दोन तास लागले, उघड्याबोडक्या डोंगरांतून आणि बोगद्यांतून. किनाऱ्यावर ही गर्दी. एका अंगाला बंदराच्या उंच क्रेन आणि कंटेनरच्या थप्प्या. नात आणि सून पाण्यात गेल्या. मुलाने चटई अंथरली, थर्मासमधून मला चहा ओतून दिला. नको इतकं प्रेमाने चाललं होतं सगळं.

"बोल," मी म्हटलं.

"काय बोलू?"

"फ्रिजवर माझं विमान आहे. बघितलंयस ना?"

त्याने कप वाळूत टेकवला.

"रिजेक्ट झाला, आई. पगार बसत नाही, आणि घर दोन बेडरूमचं लागतं."

"कधी कळलं?"

"दिवाळीच्या आठवड्यात."

म्हणजे त्याने मला बोलावलं त्याच्याही आधी. मी शांत होते, स्वतःचंच नवल वाटावं इतकी. "मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस?" तो एकदम म्हणाला. "हिला रजा नव्हती, मला नव्हती. तीन आठवडे पोरीला ठेवणार कुठे होतो? आणि तू इकडे खूश होतीस. म्हटलं, जाताना सांगू. परत अप्लाय करणारच आहे गं मी. मोठं घर घेतलं की करतो. तोवर तू कराडला..."

"कराडला कुठे?"

"कुठे म्हणजे? घरी."

"घर नाही. सोडलं मी. मालकांनी भिंतही पाडली."

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तो ओरडला. "मला न विचारता? आई, मला एकदा विचारायचं तरी!" शेजारच्या चटईवरची माणसं वळून बघायला लागली. "देव आणलेस तेव्हाच मला वाटलं होतं..."

"वाटलं होतं ना? मग का नाही विचारलंस?" माझाही आवाज चढला. "दारातच विचारायचं होतंस. मी दारातच सांगितलं असतं."

"आणि तू? तू फोनवर का नाही सांगितलंस?"

"कारण तू थांब म्हणाला असतास!"

तोंडातून निघून गेलं. म्हणजे मलाही ठाऊक होतं. किल्ली देताना, मशीनवरून शेवटचा हात फिरवताना, मनात कुठेतरी मला ठाऊक होतं की हा थांब म्हणेल. म्हणून मी दोर कापून आले, की आता ठेवून घेण्यावाचून त्याला गत्यंतर राहू नये. त्याचा राग आला होताच, त्याहून जास्त माझा आला, आणि सगळ्यात जास्त लाज वाटली. तो गुडघ्यांत तोंड घालून रडत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवायला हवा होता, हे आता म्हणते.

तिकीट काही दिवस पुढे ढकलू, असं तो घरी आल्यावर म्हणाला. सूनबाईही म्हणाली. व्हिजिटवर अजून महिनाभर राहता आलं असतं. मी नको म्हटलं. महिन्याने काय भिंत पुन्हा उभी राहणार होती? भावाला फोन लावला. तो म्हणाला, "ये की, मागची खोली आहेच." त्याच्यामागे भावजय काहीतरी म्हणाली, ते मी ऐकलं नाही असं केलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सूनबाईने झाड काढलं. फांद्या दुमडून खोक्यात भरल्या, दिव्यांची माळ गुंडाळली, कोपरा केर काढून स्वच्छ केला. नात धावत माझ्याकडे आली. "आजी, नाऊ देअर इज स्पेस! युवर गॉड्स कॅन कम हिअर."

मुलगा दारात उभा होता. म्हणाला, "ठेव ना आई. आज एक दिवस तरी ठेव."

"एका रात्रीसाठी देव मांडत नाहीत," मी म्हटलं, जरा जास्तच तोडून. नातीने दोघांकडे पाहिलं, "ओके" म्हणाली, आणि आपली स्कूटर आणून त्या कोपऱ्यात लावली.

आता मी भावाच्या मागच्या खोलीत राहते. देव्हारा भावजयीचा आहे, त्यात तिचे देव आहेत. माझे डब्यातच आहेत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात. मशीन परत मागायला तोंड नव्हतं. ती मुलगी आपण होऊन म्हणाली, मावशी, दुपारी माझ्याकडे येऊन शिवत जा. जाते.

परवा मुलाचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, नातीचा पडलेला दात झाला. मग म्हणाला, "आई, डिसेंबरची सुट्टी लागतेय पोरीला. येशील ना?"

व्हिसाचं त्याने काढलं नाही. मीही काढलं नाही. मला बाकावरच्या त्या हैदराबादच्या बाई आठवल्या, दरवर्षी येत असतील, सरकून जागा देत असतील.

"येते," मी म्हटलं. "शाळा कधी उघडते ते सांग. आदल्या दिवसाचं परतीचं काढ."