नीरेचे दोन ग्लास

सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी किंजल सावे बोईसरच्या दवाखान्यात प्रोबवर जेल लावत होत्या. त्यांचं यंत्र सुई न टोचता, बरगड्यांवरूनच यकृतातली चरबी आणि कडकपणा मोजतं. टेबलावर शिरगावचे बागायतदार धर्माजी आडवे झाले होते. त्यांना अकरा वर्षांपासून मधुमेह आहे, पोट सुटलेलं आहे आणि सोनोग्राफीत यकृतात चरबी दिसली आहे. यकृत कडक झालंय का, हे त्यांना आजच कळायला हवं होतं.

"दारूला शिवलो नाय मी, बाय. मंग चरबी कशी?"

"साखरेनं आणि या पोटानंही चढते, काका. तीन तासांत काही घेतलं नाही ना?"

"काय नाय. वाटेत नीरा घेतली, दोन ग्लास."

"उपाशी या म्हटलं होतं ना?"

"नीरा म्हंजे झाडाचं पाणी. ती काय जेवन हाय?"

किंजल हसल्या आणि प्रोब पुसून ठेवला. पोटात काही असलं की कडकपणाचा आकडा उगाच वाढतो.

"वाढीव तर वाढीव, सांगून टाक."

"खोट्या आकड्यानं घाबरवू तुम्हाला?"

नऊला यंत्र पालघरला जातं, त्यामुळे थांबूनही उपयोग नव्हता. उद्याच्या यादीत साडेसातला पहिलं नाव धर्माजींचं आहे.