शालनकाकीची अर्धी रांगोळी

शालनकाकी दुसऱ्याच्या अंगणात न विचारता बसायची. रंगांचे डबे मांडायची, पाय दुमडायची आणि सुरू. शिरोळकडच्या आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत आहे. काकीच्या घरातलं मात्र फौजेत कुणीच नव्हतं. तरी कुणाचा मुलगा सुट्टी संपवून निघाला की त्याच्या दारात ही हजर. काढायची काय, तर त्या पोराचं मागं राहिलेलं: त्याची म्हैस, मोटारसायकल, दारचा आंबा. आणि काढायची अर्धंच. "मी पुरं करत न्हाय," म्हणायची. "पुरं केलं की तुमी नुसतं बघत बसतासा." उरलेलं घरातल्या बाईनं भरायचं.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. फौजींवर कविता करते, गावच्या कार्यक्रमात वाचते. लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. काकीनं मला कधी नावानं हाक मारली नाही. "ए बीए, सरक की जरा, उजेड अडलाय."

एका वर्षी सीमेवर वातावरण तापलं. माझा भाऊ संजू सुट्टीवर आलेला. त्याला मध्येच परत बोलावलं. आमच्याकडं माणूस प्रवासाला निघाला की लगेच झाडत नाहीत. आईनं तर त्याचा फोन येईपर्यंत कुणाला खराट्याला हात लावू दिला नाही. फोन येईना. आईनं जेवण सोडलं. मी पेपर वाचून दाखवला, नकाशा काढून त्याची पलटण धोक्यापासून किती लांब आहे ते समजावलं. ती भिंतीकडं तोंड करून पडली.

काकी आली. मी म्हटलं, "अंगण झाडलेलं नाही, काकी."

"झाडायचं न्हाय. काढायचं न्हाय, असं कोण म्हणलंय?"

पाचोळा हातानं सारून बसली. ट्रॅक्टर काढला, त्यावर संजू, आणि त्याच्या शर्टात निळा रंग भरायला लागली.

आई उंबऱ्यात येऊन बसली होती. ती म्हणाली, "निळा न्हाय त्यो. पोपटी शर्ट हाय त्येचा."

"मला काय म्हाईत? या, तुमीच भरा."

आई उठली. भरता भरता म्हणाली, "मिशा किती वाढवल्यास गं शालन? चोर दिसतोय माझा ल्योक."

"आता दोन घास खावा आक्का, हात थरथरतोय तुमचा. रंग सांडतोय माझा."

आई जेवली. भाकरी मी थापलेली. इतके दिवस मीच पुढं करत होते.

त्या रांगोळीचा फोटो संजूला मीच पाठवला. शेवटी त्याचा फोन आला, तर आईशी बोलून झाल्यावर त्यानं काकीला फोन द्यायला सांगितलं. "काकी, हितली पोरं म्हणत्यात, आमचं बी घर काढा." मग लांबच्या पोरांची घरं काकी स्वतःच्या अंगणात काढायला लागली. गल्लीतल्या बाया ती भरायच्या. फोटो पाठवायला मी, दातओठ खात.

गेल्या हिवाळ्यात काकी गेली. संजू फोनवर लहान पोरासारखा रडला. माझ्यासाठी हा असा रडेल का, असं तेव्हाही माझ्या मनात आलंच.

परवा पलीकडच्या गल्लीतल्या एका नव्या सुनेचा नवरा ड्युटीवर निघून गेला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आई चुलीवरचं तसंच ठेवून रंग घेऊन निघाली. मी मागं गेले. पोरगी खांबाला टेकून उभी. आईनं तिच्या दारातलं पेरूचं झाड काढलं, अर्धंच, आणि विचारलं, "पेरू लागत्यात का न्हाई गं ह्येला?"

पोरीनं दारातल्या झाडाकडं बघितलं. मग खाली बसली आणि हिरवा मागितला. त्या वेळी आईच्या चेहऱ्यावर जे आलं, ते माझा निकाल लागला त्या दिवशीही आलं नव्हतं.