ठोकलेल्या गाडीचा भाव

माझ्या गाडीला धडक दुसऱ्याने दिली, पण नुकसान मी केलं.

गाडी माझी. म्हणजे आमच्या सात पिढ्यांतली पहिली चारचाकी, आणि कागदावर नाव माझं! नांदेडला आजोबा सायकलींची पंक्चरं काढायचे, बाबांनी एसटीच्या वर्कशॉपात सरकारच्या गाड्या धुतल्या, आणि मी हैदराबादेत दिलसुखनगरच्या गर्दीतून स्वतःची गाडी चालवते. याचा मला अभिमान आहे. (थोडाथोडका नाही, भरपूर!)

आमच्या खालच्या मजल्यावर राव गारू (तेलुगूतलं 'गारू' म्हणजे आपलं 'साहेब') राहतात, निवृत्त हेडमास्तर. त्यांनी पार्किंगमध्ये रिव्हर्स घेताना माझ्या गाडीचं डावं दार चेपलं. दुरुस्ती विम्यातून झाली. पण ठोकलेल्या गाडीला बाजारात भाव कमी येतो, आणि तो फरक काही विमा कंपनी देत नाही. आम्हाला तर दिवाळीत हीच विकून मोठी घ्यायची होती. माझा नवरा मिलिंद भीत भीत राव गारूंकडे गेला. पण राव गारू भला माणूस!

"गलती मेरा है," ते म्हणाले. "धक्के के पहले साढे चार लाख की थी, मैं मानता. अब कितने की, कोई गाडीवाले से लिखाके लाओ. फरक मैं देता."

मिलिंदने जुन्या गाड्यांचे दलाल सलीमभाई यांना रविवारी बोलावलं आणि घरात ताकीद दिली, "आज गाडीचं कौतुक करायचं नाही. कुणीही!" 'कुणीही' म्हणताना त्याने माझ्याकडेच का पाहिलं, हे मला तेव्हा कळलं नाही.

पहिला घोळ बाबांनी घातला. ते नांदेडहून आले होते. सकाळी उठून बघते तर गाडी धुतलेली, पुसलेली, टायरांना पॉलिश आणि वर झेंडूचा हार!

"बाबा! ती आज वाईट दिसायला हवी!"

"बघायला येणारेत ना? मग मुलगी काय पारोशी दाखवायची?"

सलीमभाई आले. राव गारू चष्मा पुसून शेजारी उभे राहिले. सलीमभाईंनी दलालाच्या रीतीने नाक मुरडलं. "ठुकी हुई गाडी है, मॅडम. लोगां नक्को बोलते. पौने चार लिखतूं."

पाऊण लाखाचा फरक! मिलिंदचा चेहरा उजळला. आता मी गप्प बसायचं, एवढंच काम उरलं होतं. तेवढ्यात सलीमभाईंनी दारावर टिचकी मारली. "वैसे भी खटारा हो गई."

"खटारा कुणाला म्हणता?"

"मॅडम, मैं तो आपकेच वास्ते..."

"एक ओरखडा दाखवा! इंजिन ऐका! श्रीशैलमचा घाट एसी लावून चढलीये ही!"

मिलिंद माझ्या दंडाला चिमटे काढत होता. सुलतान बाजारात मी साडीचा भाव पाडायला लागले की तो असेच चिमटे काढतो. तिथंही मी ऐकत नाही.

"अच्छा, चार लिखूं?"

"चारमध्ये स्कूटर घ्या!"

"साढे चार?"

इथं तरी थांबायचं की नाही? पण मागून बाबा हळूच म्हणाले, "दार तर नवंच बसवलंय, पोरी."

"ऐकलंत? दार नवं आहे! पावणेपाच लिहा!"

सलीमभाईंना कुठे गाडी विकत घ्यायची होती? नुसतं लिहायचं होतं. "लिख देतूं, मेरेकू क्या!" म्हणत त्यांनी लेटरहेडवर आकडा टाकला, शिक्का मारला आणि कागद राव गारूंच्या हातात दिला.

हेडमास्तरांनी तो दोनदा वाचला. "अम्मा, मेरे धक्के से तो पचीस हजार बढ गया. अब मैं देना, कि आप देना?"

मिलिंद त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही. बाबांची छाती मात्र फुगली होती. "गाडीची इज्जत राखलीस!"

राखली, आणि खरं सांगते, मला अजूनही त्याचं वाईट वाटत नाही. दिवाळी येऊन गेली, गाडी पार्किंगमध्येच आहे. पावणेपाच लाखांना ती घेईल अशी बाई आख्ख्या हैदराबादेत एकच आहे, आणि तिच्याकडे ही गाडी आधीच आहे!