आधी टाइम बघू

संगणकापुढे बसले की काका आधी मनगटावरचं घड्याळ काढायचे, कीबोर्डच्या शेजारी ठेवायचे आणि म्हणायचे, "आधी टाइम बघू." मग बटण दाबून हाताची घडी घालून गप्प. पडद्यावर सगळं उमटून एखादी फाइल उघडेपर्यंत तुम्ही काहीही विचारा, उत्तर मिळायचं नाही. फाइल उघडली की खिशातल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने आकडा लिहायचे.

मी नर्स आहे त्या हॉस्पिटलात ते यंत्रं दुरुस्त करायचे. इथे आखातात, अब्बासियात, आमच्याच इमारतीत, दोन मजले खाली, आणखी तिघांबरोबर एका खोलीत राहायचे. मूळचे परभणीकडचे, बायको-मुलं गावी. शुक्रवारी सकाळी इमारतीतल्या कुणाचाही संगणक बघून द्यायचे आणि घ्यायचे काय, तर बिनसाखरेचा चहा. तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल आणि तुम्ही त्याला भला माणूस म्हणत असाल. मला ते जमलं नाही. परक्या मुलखात फुकट कोण राबतं, हा प्रश्न मला पहिल्या चहापासूनच पडला होता.

गंमत म्हणजे ते माझ्याहून संशयी निघाले. पुढे केलेल्या बिस्किटांच्या पुड्यावरची तारीख वाचल्याशिवाय बिस्कीट उचलायचे नाहीत. आणि त्यांचा सगळ्यात मोठा संशय होता माझ्या साफसफाईवर.

आमचा घरचा संगणक जुना, सुरू व्हायला नको तितका वेळ घ्यायचा. कुणीतरी मला सांगितलं होतं की आतल्या सिस्टिम फाइल्सचा कचरा काढला की तो पळायला लागतो. स्वच्छता हा माझा धंदाच. दर आठवड्याला मी साफसफाईचा प्रोग्राम उघडायची, दिसेल त्या चौकोनात टिक करायची आणि इतकी इतकी जागा मोकळी झाली हे वाचून समाधानाने भांडी घासायला जायची. संगणक जलद झाला, हे मी शपथेवर सांगितलं असतं.

त्यांनी पाच शुक्रवार मोजलं. साफ करण्याआधी आणि केल्यावर. चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. तीन मिनिटं दहा सेकंद, तीन मिनिटं बारा सेकंद, पुन्हा दहा. एकदा तर साफ केल्यावरच जास्त लागले होते.

"जागा झाली ताई," ते म्हणाले. "पण गाडी तीच हाय की."

डिस्क गच्च भरली असती तर फरक पडला असता, पण तुमची अर्धी रिकामीच आहे, असं त्यांचं म्हणणं. सुरू होतानाच दहा प्रोग्राम जागे होतात ते बंद करा, जमलं तर आतली जुनी डिस्क बदला, बाकी पुसापुशी सोडा. ज्या पार्टचं काम ठाऊक नाही तो आपण मशीनमधून काढत नाही, हे त्यांनी मला हॉस्पिटलातल्या आवाजात ऐकवलं. मला राग आला. आकडे खोटे नव्हते, म्हणून जास्तच आला.

मग तो शुक्रवार. मी चहा घेऊन बाहेर आले तर त्यांनी स्वतःजवळची एक छोटी काळी डिस्क आमच्या संगणकाला लावली होती आणि पडद्यावर कॉपीची हिरवी पट्टी पुढे सरकत होती. संगणकात आमच्या पासपोर्टचे, बताक्याचे म्हणजे इथल्या ओळखपत्राचे, सगळ्या कागदांचे फोटो होते. इथे कुणाच्या कागदांवर कोण काय करतं, याच्या गोष्टी मी ड्युटीवर रोज ऐकत होते.

"काका, काय चाललंय हे?"

"डाउनलोडचं फोल्डर बाजूला ठेवायलो. नव्या अपडेटनं साफसफाईच्या यादीत त्याचंबी नाव आलंय, अन् तुमी सगळ्याला टिक करता म्हणून."

आमच्या घरातल्या वस्तू न विचारता बाहेर जायला नकोत, असं मी सांगितलं. आवाज चढला नव्हता, पण शब्द पोचले. पट्टी पुरी होईपर्यंत ते थांबले. डिस्क काढून टेबलावर ठेवली, घड्याळ मनगटावर चढवलं. "मग हे तुमच्याकडंच राहू द्या," म्हणाले आणि निघाले. चहा तसाच राहिला.

ती डिस्क मी लावून बघितली नाही. त्यात व्हायरस असला तर? बॅगेच्या तळाशी टाकून दिली. पुढच्या वर्षी त्यांचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपला आणि ते कायमचे गावी गेले. निरोपाला माझे यजमानच खाली जाऊन आले. येताना निरोप आणला, ताईला म्हणावं, यादी वाचल्याशिवाय टिक करू नका. जाता जाताही शिकवतात, असं म्हणून, त्या शुक्रवारनंतर बंद पडलेली साफसफाई मी त्याच आठवड्यात पुन्हा काढली आणि सगळ्या चौकोनांवर टिक केलं.

महिन्याभराने सासूबाईंचा फोन आला. आमची लेक आता अकरा वर्षांची, आजीशीही इंग्रजीतच बोलते. सासूबाई म्हणाल्या, लहानपणीचं ते तरी ऐकव. ते म्हणजे चार वर्षांची असताना तिने बाबांच्या फोनवरून मला ड्युटीवर पाठवलेले आवाजी निरोप. "आई, बाबांनी भात करपवला, तू लवकर ये." फोन बदलताना ते मी संगणकावर उतरवून घेतले होते आणि डाउनलोडमध्येच राहू दिले होते.

फोल्डर रिकामं होतं. कचरापेटीही मीच रिकामी केली होती. लेकीचं मराठी तेवढंच शिल्लक होतं आणि ते मी स्वतःच्या हाताने पुसलं होतं. मी खुर्चीत बसून रडले.

मग बॅग उपसली. डिस्क लावण्याआधी संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, आणि का कोण जाणे, मनगटावरचं घड्याळ काढून शेजारी ठेवलं. तीन मिनिटं अकरा सेकंद. डिस्क व्हायरससाठी दोनदा तपासली, स्वभाव कुठे जातो? आत एकच फोल्डर होतं. त्याचं नाव होतं, ताईचे, हात लावू नका.

भात करपल्याचं ऐकून लेक दारात येऊन उभी राहिली. "इज दॅट मी?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. तिने ते पुन्हा लावायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या इथल्या नंबरवर फोन लावला. तो आता दुसऱ्याच कुणाला मिळाला आहे, तो माणूस अरबीत बोलला. परभणीचा नंबर मी कधी मागितलाच नव्हता. त्यांच्या खोलीतल्या तिघांना विचारलं, त्यांच्याकडेही नाही. त्यांना बसवून मला एकदा चहा द्यायचा होता, आणि चुकले म्हणायचं होतं.