निघताना विचारू नये

शुद्धलेखनाला हसू नये. शाळा चौथीपर्यंतच झाली, आणि अक्षर पहिल्यापासून मुंग्या पळाल्यासारखं आहे. हे वाचणारं कुणी नाही, तरी माफी मागून ठेवते.

आमच्या घरात बाहेर निघालेल्या माणसाला "कुठे" विचारत नाहीत. काम होत नाही म्हणे. फार झालं तर "लांब का?" एवढंच. सासूबाई गेल्या, हा नियम मागे राहिला. मी वेल्लोरला ताईकडे एकटी निघाले तेव्हा तर सगळ्यांनी तो जरा जास्तच पाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. ती एकटीच राहते, आणि सोबतीला माणूस नसेल तर डॉक्टर हात लावणार नव्हते.

शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, सर्जापूर रोडला राहणाऱ्या माझ्या मुलाने तिकीट काढून फोनवर पाठवलं. यजमानांनी हातावर दही-साखर घातली. शेजारच्या अक्कांनी पाण्याची बाटली दिली. गाडी कोणत्या स्टेशनावरून आहे, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. आयुष्यभर आम्ही बेळगावला जात आलो, तेही यशवंतपूरहून. आमच्या लेखी स्टेशन एकच.

रस्ता खणलेला. मल्लेश्वरमच्या मार्केटातल्या ऑटो स्टँडपर्यंत बॅग ओढत गेले. दोन ऑटोवाले नाही म्हणाले. उशीर होत चाललेला. तिसऱ्याने विचारलं, "एल्लिगे अक्का?" म्हणजे, कुठे?

मी कधी कुणावर ओरडले नाही. भाजीवाला किडकी वांगी घालतो तरी "असू दे" म्हणते. पण त्या एका शब्दात मला ताईचा डोळा गेलेला दिसला.

"चांगल्या कामाला निघालेल्या बाईला कुठे म्हणून विचारतोस? घरी काही शिकवलं नाही तुला?"

अख्खा स्टँड बघायला लागला. तो हळूच म्हणाला, स्टेशन का? मी हो म्हटलं. कोणतं, म्हणाला. मी परत ओरडले, आणि मग यशवंतपूर सांगितलं. वाटेत त्याने गाडी कोणती ते विचारलं, तर म्हटलं, तुला काय करायचंय, पुढे बघ. खोटं कशाला लिहू, मला बरंच वाटत होतं. इतक्या वर्षांचं साठलेलं एका परक्याच्या पदरात टाकून मी हलकी होऊन बसले होते.

यशवंतपूरला हमालाने फोन पाहिला आणि सांगितलं, ही गाडी सिटी स्टेशनाहून सुटते, इकडे येतच नाही.

बाहेर धावले. तोच ऑटोवाला चहा पीत उभा. मी आत जाऊन बसले. त्याने इंजिन चालू केलं आणि गप्प राहिला. मीही गप्प. शेवटी मलाच म्हणावं लागलं, "अण्णा, कुठे ते विचारा ना."

"नको अक्का. ओरडाल."

सांगितल्यावर मात्र त्याने कुठल्या कुठल्या गल्ल्यांतून ऑटो काढला. सुटे पैसे मी यशवंतपूरलाच देऊन बसले होते. उरलेले हॉस्पिटलचे, पोटाशी बांधलेले, आणि फोनवरून पैसे द्यायला मला येत नाही. तो म्हणाला, पळा, दोनशे चाळीस झाले, परत आल्यावर स्टँडवर द्या.

गाडी मिळाली. ऑपरेशन नीट झालं. पट्टी निघाल्यावर ताईला स्वच्छ दिसायला लागलं, आणि मी किती जाड झाले आहे हे तिने पहिलं सांगितलं.

परत आल्यावर स्टँडवर जायची लाज वाटली, म्हणून यजमानांकडे पैसे दिले. ते नव्वद रुपये परत घेऊन आले. एवढे होतच नाहीत, दीडशेत मिटवलं, म्हणाले. वर त्यालाच बजावून आले होते, बायकांशी जपून बोलत जा.

मग दुसऱ्या दिवशी मीच गेले. मला बघताच एक जण म्हणाला, आल्या, ओरडणाऱ्या अक्का आल्या. सगळे हसले. पाय मागे वळत होते.

"चूक माझी होती," मी त्याला म्हटलं. "तुम्ही विचारलंत ते बरोबरच होतं."

"स्वल्प जोरात, अक्का. त्या दिवशी पलीकडच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं होतं."

मी परत म्हटलं, पलीकडच्या रांगेला ऐकू जाईल असं. कुणी हसलं नाही. त्याने राहिलेले नव्वद रुपये घेतले, मोजले आणि म्हणाला, "सरी, बरोबर, सगळे आले."