हॉर्न वाजेपर्यंत पाठ

आमच्या जीपवाल्यांच्या क्लबात नवरा-बायकोनं एकमेकांना रस्ता दाखवायला बंदी आहे. दगडधोंड्यांतून गाडी वर काढायची असली की एक माणूस पुढे उभा राहून हातानं खुणा करतो: डावीकडे, उजवीकडे, थांब. चालवणाऱ्यानं फक्त त्याच्या हाताकडे बघायचं. हा माणूस घरचा असता कामा नये. घरच्यानं चढाच्या पायथ्याशी पाठ करून उभं राहायचं आणि गाडी वर पोचून दोनदा हॉर्न वाजला की मगच वळायचं. बघितलं की तोंड उघडतं, आणि तोंड आवरलं तरी चेहरा गप्प बसत नाही. मुलांना मात्र सूट आहे. मुलं सल्ला देत नाहीत, नुसती हसतात.

हा नियम मला लग्नातच कुणीतरी सांगायला हवा होता.

नियमाचं मूळ बोरिवलीच्या दंतवैद्य बाईंकडे जातं. क्लब नवा असताना त्यांच्या यजमानांनी त्यांना एका घसरणीवर इतक्या सूचना दिल्या, की बाई गाडी तिथेच सोडून हायवेपर्यंत चालत गेल्या आणि एसटी पकडून घरी आल्या. गाडीची किल्ली त्यांच्या पर्समध्ये होती. यजमान संध्याकाळपर्यंत गाडीपाशी बसून होते. त्यानंतर नियम झाला. दोघांचा संसार आजही नीट चालू आहे आणि खुणा करण्यात बाईंचा हात धरणारं क्लबात कुणी नाही.

क्लब म्हणजे मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, अंधेरीकडची काही कुटुंबं. रविवारी पहाटे चेकनाक्याजवळच्या पेट्रोल पंपावर जमायचं आणि घोडबंदरच्या पुढे एका बंद पडलेल्या दगडखाणीत जायचं. मालकाची परवानगी आहे. दारू नाही, मोठ्यानं गाणी नाहीत, खारफुटीत आणि जंगलात गाडी घालायची नाही, आपला कचरा आपल्या डिकीत. सहा दिवस सिग्नलला रखडायचं, सातव्या दिवशी मुद्दाम चिखलात रुतायचं आणि मग एकमेकांना ओढून काढायचं. मध्येच थेपले, पोहे, उकडलेली अंडी. यात मला कधी फार थोर काही दिसलं नाही. मी अंधेरीच्या एका लॅबमध्ये दिवसभर मायक्रोस्कोपमध्ये बघते. तिथे मत द्यायचं नसतं, दिसेल ते लिहायचं असतं. रविवारी खाणीतही मी तशीच घडीच्या खुर्चीवर बसून असायचे.

वेड नवऱ्याचं होतं. त्याचं बालपण मालवणात गेलं, चिखलाची त्याला सवय. त्यानं हौसेनं जुनी मेंदी रंगाची जीप घेतली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती दोन पांढऱ्या गाड्यांच्या मध्ये उभी असते आणि वॉचमनसकट सगळे तिच्याबद्दल काही ना काही बोलून जातात. मुलगी तर तिच्या मागच्या सीटवरच वाढली म्हटलं तरी चालेल. शाळेतल्या मैत्रिणींपेक्षा तिला क्लबातल्या मैत्रिणी जवळच्या.

मागच्या पावसाळ्यानंतर नवऱ्याची पाठ गेली. मणक्यातली चकती सरकली. डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिला आणि सांगितलं, साध्या रस्त्यानं बसून जा, पण गचके बंद, कायमचे. तो "बरं" म्हणाला.

क्लबाचा आणखी एक नियम आहे. गाडी घरातल्या माणसानंच चालवायची. ड्रायव्हर ठेवायचा नाही, मित्राच्या हातात द्यायची नाही. घरात चालवणारं माणूस नसेल तर तुम्ही पाहुणे. दुसऱ्याच्या गाडीतून या, थेपले खा, घरी जा. पाहुणा म्हणून नवरा कधीच गेला नसता, हे मला पक्कं माहीत होतं. त्यानं जीप विकायला काढली. मालाडचा एक दुकानदार येऊन बघून गेला, टायरना लाथा मारून गेला. नवरा त्याला म्हणाला, "रविवारनंतर सांगतो."

तो रविवारनंतर म्हणाला, कारण त्या रविवारी मी पायरी चढणार होते.

पायरी म्हणजे खाणीतल्या चढावर मधोमध आडवा आलेला, गुडघाभर उंच दगड. जो हा दगड ओलांडून वर जाईल तो चालवणारा, असं क्लबात मानतात. चढली तर जीप राहणार, नाहीतर मालाडला जाणार, इतका सरळ मामला होता. मी शिकायला तयार झाले ती मुलीसाठी, असं मी सगळ्यांना सांगत होते. स्वतःलाही तेच सांगत होते.

पहिले धडे नवऱ्यानं साध्या रस्त्यावर दिले. डाव्या सीटवर पट्टा आवळून बसायचा आणि "ब्रेक, ब्रेक! अगं ब्रेक!" एवढंच शिकवायचा. मुलुंडच्या बाजारात मी आमची छोटी गाडी चालवतानाही वर्षानुवर्षं तो हेच शिकवत आलाय. शेवटी घाटकोपरच्या काकांनी मला हाताखाली घेतलं. क्लब चालवणारे हे निवृत्त गुजराती गृहस्थ, सगळ्यांचे काका. ते मला म्हणाले, "बेन, गाडीला घाई नाय. घाई आपल्याला असते." बरेच रविवार मी खाणीच्या सपाट भागात लो गिअरमध्ये मुंगीच्या चालीनं फिरले. मग छोटे चढ झाले. पायरी राहिली होती.

त्या सकाळी दगडांवर पकड मिळावी म्हणून नवऱ्यानं टायरमधली हवा स्वतः कमी केली. वाकायला त्रास होत होता, तरी कुणाला हात लावू दिला नाही. मग किल्ली माझ्या हातात ठेवून तो पायथ्याशी जाऊन उभा राहिला, चढाकडे पाठ करून. दोन्ही हात मागे, एका हातानं पट्टा पकडलेला. पुढे दंतवैद्य बाई. मुलगी वर काठावर, मैत्रिणींबरोबर.

मी निघाले. बाईंचा हात डावीकडे, अजून थोडं, अजून थोडं, बस. पुढची चाकं पायरीला लागली, नाक वर गेलं आणि समोर नुसतं आकाश दिसायला लागलं. इथे ॲक्सिलरेटर द्यायचा असतो. मी घाबरून त्याच्यावरचा पाय काढला. इंजिन आचका देऊन बंद पडलं, मी क्लच दाबला आणि जीप मागे घसरायला लागली.

मी दोन्ही पायांनी ब्रेकवर उभी राहिले. हँडब्रेक ओढला. गाडी थांबली, तिरकी. बाईंनी मूठ वर धरली होती, म्हणजे थांब.

मी आरशात बघितलं. नवरा तसाच उभा होता, पाठ करून. गाडी घसरल्याचा, खडी उडाल्याचा आवाज त्याला नक्की आला होता. मागे पट्ट्यावरची मूठ एवढी घट्ट झाली होती की मला वरून दिसत होती. पण तो वळला नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, साधा डबा उघडताना मी धडपडले तरी जो माणूस स्वयंपाकघरात येऊन उभा राहतो, तो वळला नाही. आणि तिथे, तिरक्या जीपमध्ये, मला कळलं की मुलीबिलीचं काही नाही. ही गाडी मलाच हवी होती. हा खुर्ची सोडून केलेला रविवार मला हवा होता.

बाई खिडकीपाशी आल्या. पेशंटशी बोलतात त्याच आवाजात म्हणाल्या, "श्वास घ्या. काही दुखणार नाही. आता सुरू करा."

मी सुरू केली. या वेळी क्लचला हात, म्हणजे पाय, लावला नाही. बाईंचा हात सोडून काही बघितलं नाही. जीप गुरगुरली, एक चाक हवेत गेलं, खाली आलं, मागची चाकं पायरीवर आपटली आणि समोरचं आकाश खाली येऊन तिथे माझी मुलगी उभी दिसली, दोन्ही हात वर करून. वरच्या सपाटीवर पोचल्या पोचल्या मी इंजिन बंद केलं.

मग एकच कालवा झाला. मुलगी गळ्यात पडली. काका हातात थेपला कोंबून गेले. बाई म्हणाल्या, "झकास!" मी वेड्यासारखी हसत होते. थोड्या वेळानं वाटलं, ज्याला दाखवायचं तो कुठाय? वर का आला नाही अजून? किल्ली मुठीत घेऊन मी घसरत घसरत खाली उतरले.

तो जिथल्या तिथे उभा होता. पाठ करून.

माझी पावलं त्याला ओळखता येतात. मी जवळ गेले तरी तो वळला नाही, समोरच्या कातळाकडे बघत बोलायला लागला. एरवी तो माझ्याशी साधं मुंबईचं मराठी बोलतो. मालवणी फक्त आईशी, नाहीतर कुणी आजारी असलं की.

"नाय जमला तर जावंदे," तो म्हणाला. "तुका लागला नाय मां खंय?"

मला क्षणभर काही उमगलं नाही.

"त्या मालाडवाल्याला मी फोन करतो. तू मध्ये पडू नकोस. पोरीला पण मीच सांगेन. तू एवढं केलंस ना, बस झालं."

तेव्हा लक्षात आलं. मी हॉर्नच दिला नव्हता. त्यानं इंजिन दोनदा बंद झालेलं ऐकलं होतं, दुसऱ्यांदा ते मीच वर पोचून बंद केलं होतं, आणि मग काहीच नाही. वरचा कालवा वाऱ्यानं पलीकडे नेला असणार. एवढा वेळ तो तिथे उभा राहून गाडी गेली असं धरून चालला होता, आणि मला काय सांगायचं ते जुळवत होता. त्यात "ब्रेक" हा शब्द कुठेच नव्हता.

"चढली रे" असं तिथल्या तिथे म्हणता आलं असतं. पण मला ते त्याला ऐकवायचं होतं, तो इतका वेळ ज्याची वाट बघत होता तसंच. "थांब जरा," एवढंच म्हटलं आणि परत चढ चढायला लागले. दम लागला, एकदा गुडघ्यावर पडले. मी जीपमध्ये हात घालून दोनदा हॉर्न दाबला. मग आणखी एकदा, नियमात नसलेला.

तो वळला. काठावर उभ्या असलेल्या जीपकडे त्यानं बराच वेळ बघितलं. मग पट्ट्यावरचा हात सोडून तोंडावरून फिरवला. चढ चढून यायची त्याला बंदी होती, म्हणून लांबच्या सपाट वाटेनं वळसा घालून आला. जीपच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला.

येताना मीच चालवली. घोडबंदर रोडला एका रिक्षावाल्यानं रिक्षा आडवी घातली. डावीकडे नवऱ्याचा पाय जोरात खाली दाबला गेला, जिथे ब्रेक नसतो तिथे. तोंडातून शब्द आला नाही. चेकनाक्याच्या सिग्नलला त्यानं फोन काढला आणि मालाडच्या दुकानदाराला लावला.

"नाही, नाही विकायची," तो म्हणाला. "घरात चालवणारं माणूस आहे."