श्वापद कुठं उभं करायचं

सायमननं दोन्ही हात पँटच्या खिशात घातले आणि माझ्याकडे बघत बसला.

तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. पण कर्णबधिर माणूस हातांनी बोलतो. त्यानं हात खिशात घातले म्हणजे बोलणं बंद. आणि सायमन हा आमच्या वर्गातला सगळ्यात बडबड्या माणूस, बरं का.

चर्चच्या मागच्या खोलीत दर रविवारी दहा-बारा कर्णबधिर लोकांचा बायबलचा वर्ग भरतो. मी तिथं दुभाषी. बोललेलं हातांनी सांगायचं, हातांनी सांगितलेलं बोलून दाखवायचं. मी ख्रिस्ती नाही आणि या कामाचं सर्टिफिकेटही माझ्याकडे नाही. माझे आई-वडील दोघंही कर्णबधिर. पाळण्यात असल्यापासून ही भाषा बघत आले. पुढं बँक, कोर्ट, दवाखाना, लग्नं, सगळीकडे हेच काम केलं. आता सदुसष्टावं चालू आहे, पण बोलावणी थांबत नाहीत.

तर मी विचारलं, "काय रे, काय झालं?"

त्यानं एक हात बाहेर काढला. "मावशी, मागच्या रविवारी तुम्ही सांगितलंत तेवढं पुरे." हात परत खिशात.

मग त्याची बायको रूथ सांगायला लागली. तीही कर्णबधिर. सायमन हिंजवडीला एका ऑफिसच्या कँटीनमध्ये भांडी घासतो. तिथं मंगळवारी हजेरीचं नवीन मशीन बसलं. उजवा अंगठा लावायचा. अंगठा नाही तर हजेरी नाही, हजेरी नाही तर पगार नाही. सायमन मशीनपर्यंत गेला आणि तसाच घरी आला. तेव्हापासून गेलाच नाही. कंत्राटदारानं पुढच्या आठवड्यातल्या सोमवारपर्यंत मुदत दिली होती. त्या दिवशी अंगठा लावला नाही तर नाव कमी. घर सगळं त्याच्या नोकरीवर.

"पण अंगठा लावायला काय झालं?" मी विचारलं.

रूथनं माझ्याकडे असं बघितलं, की हे तुम्ही विचारताय? "श्वापदाची खूण. उजव्या हातावर. ती घेतल्याशिवाय कुणाला विकत घेता येणार नाही, विकता येणार नाही. तुम्हीच तर सांगितलंत."

झालं होतं असं. वर्ग घेतात सुशीलाबाई. निवृत्त शिक्षिका, वय ऐंशीच्या पुढं. त्या बोलतात, मी हातांनी सांगते. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून त्या दोन आठवडे येणार नव्हत्या. तेव्हा प्रकटीकरण चालू होतं. बायबलमधलं शेवटचं पुस्तक. अजगर, श्वापदं, शिक्के, कर्णे, सगळी भविष्याची दृश्यं. लोक म्हणाले, मावशी, वर्ग बंद नको, तुम्ही नुसता पुढचा अध्याय वाचून सांगा. पुढचा अध्याय होता तेरावा.

आता खरं सांगते, मला तो करताना मजा आली. आमच्या भाषेला असलं वर्णन फार मानवतं. फरशीचा समुद्र केला. त्यातून श्वापद वर काढलं, एकेक करून सात डोकी, दहा शिंगं. त्याची चाल केली. लोक खुर्च्या मागं सरकवत होते. शेवटी उजव्या हातावर आणि कपाळावर खूण. सगळ्यांनी हात हवेत हलवून टाळ्या दिल्या. मी खूश होऊन घरी आले, चांगला दोनदा चहा घेतला.

त्याच आठवड्यात सायमनला फोनवर कुणीतरी व्हिडिओ पाठवला. हाताच्या कातडीखाली चिप, खाली लाल अक्षरात ६६६, त्याच अध्यायातला श्वापदाचा आकडा. आणि मंगळवारी मशीन.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी मी बाईंच्या घरी गेले. स्वारगेटच्या मागच्या बाजूला त्यांचा पहिल्या मजल्यावर फ्लॅट आहे. डोळ्यांवर काळा गॉगल लावून बाई खिडकीत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "श्वापद कुठं उभं केलंत?"

"म्हणजे?"

"अहो, तुम्हीच मला शिकवलंत ना, तुमच्या भाषेत काळ जागेवर असतो म्हणून."

हे थोडं समजावते. आपण 'आला', 'येईल' म्हणतो तेव्हा काळ शब्दातच असतो. हातांच्या भाषेत तो जागेनं दाखवता येतो. होऊन गेलेलं खांद्यामागं, आत्ताचं छातीजवळ, होणारं समोर.

"समोर," मी म्हणाले. "भविष्य आहे ना ते."

"कुणी सांगितलं?"

"म्हणजे... शेवटच्या दिवसांचं पुस्तक म्हणतात ना सगळे."

"सगळे म्हणतात. वाचतात किती जण?" बाई खुर्चीत सरळ झाल्या. "हे पत्र आहे. सात गावांतल्या सात ख्रिस्ती मंडळ्यांना लिहिलेलं. लिहिणारा योहान एका बेटावर हद्दपार होता. पत्र आलं ती माणसं खरी होती, त्यांना रोज भाकरी लागायची आणि रोज भीती होती. रोमचं राज्य, बादशहाला देव म्हणायची सक्ती. पत्र त्यांचं आहे. आपण त्यांच्या खांद्यावरून वाचतोय. आणि तुम्ही सगळंच्या सगळं उचलून सायमनच्या पुढ्यात ठेवलंत."

पन्नास वर्षं काम केलंय. दुभाष्यानं पदरचं काही घालू नये हा पहिला नियम. मी एक शब्द घातला नव्हता. फक्त जागा घातली होती.

"मग आता मी त्याला समजावून सांगू का?" मी विचारलं.

"तुम्ही नाही. मी येते रविवारी."

"डॉक्टरांनी वाचायला मनाई केलीय तुम्हाला."

"वाचायचं कशाला? पाठ आहे."

रविवारी बाई रिक्षातून आल्या, गॉगलसकट. सायमनही आला होता. रूथनं ओढून आणला असावा. हात खिशातच. पण डोळे काही खिशात घालता येत नाहीत. दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती.

बाईंनी तेराव्या अध्यायाला हातच घातला नाही. पाचव्यापासून सुरू केलं. योहानला कुणीतरी सांगतं, रडू नकोस, यहूदाच्या वंशाचा सिंह जिंकलाय. योहान बघतो तर तिथं कोकरू. तेही वधलेलं. सिंह आणि कोकरू, दोन्ही म्हणजे येशूच.

"नीट बघा," बाई म्हणाल्या. "त्यानं ऐकलं सिंह आणि पाहिलं कोकरू. खरं काय?"

मी हे हातांनी सांगितलं आणि रूथ तडक उठून उभी राहिली. "पाहिलं ते! ऐकणाऱ्यांचं असंच असतं. अर्धंच कळतं त्यांना."

खोली खदाखदा हसली. बाईंना मी ते बोलून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं शिकवतेय. इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं."

मग समया. योहानला सोन्याच्या सात समया दिसतात. त्या म्हणजे सात मंडळ्या, आणि हे त्याच पानावर लिहिलंय. पुढं सात डोकी म्हणजे सात डोंगर, हेही पुस्तकच सांगतं. आणि त्या काळी सात टेकड्यांवरचं शहर म्हटलं की लहान पोरालासुद्धा कळायचं, रोम.

"मग त्यानं रोम असं का नाही लिहिलं?" मागून एकानं विचारलं.

"कैदी होता. पत्र कुणाच्या हातात पडेल सांगता येत नव्हतं."

हे मी हातांनी सांगितलं. मग रूथचे हात हळूच वर आले. "नाव-खूण?"

हे तुम्हाला माहीत नसणार. कर्णबधिर लोक एकमेकांना नावानं हाक मारत नाहीत. प्रत्येकाला एक खूण असते, त्याच्या रूपावरून नाहीतर सवयीवरून. माझी खूण नाकातली चमकी. बाईंची अंबाडा. ही खूण त्यांच्यातल्यांनाच कळते. भर बसमध्ये कंडक्टरसमोर कंडक्टरचं काय वाटेल ते बोलतात, त्याला पत्ता नसतो. ऐकणाऱ्यांच्या देखत ते एकमेकांत जे चालवतात, ते मी मोठी होत असताना रोज बघितलंय.

म्हणजे श्वापद ही रोमची नाव-खूण. हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. मी सोमवारी बाईंसमोर बसून जे धडपडत समजून घेतलं, ते या लोकांना जन्मापासून माहीत होतं. सगळे एकदम बोलायला लागले. पुस्तकातली ती बाबेल नगरी कुणाची खूण? अजगर कुणाची? मी कुणाचं बोलून दाखवू आणि कुणाचं नको! बाई गॉगलमागून नुसत्या हसत होत्या.

आणि सायमनचे हात खिशातून बाहेर आले.

"सहाशे सहासष्ट?" त्यानं विचारलं.

"एका माणसाचा आकडा, असंच लिहिलंय," बाई म्हणाल्या. "त्या काळी अक्षरांनाच आकड्यांची किंमत होती. नावाची बेरीज करता यायची. बरेच अभ्यासक म्हणतात, एका रोमन बादशहाचं नाव. मला पक्कं माहीत नाही. ज्याला पक्कं माहीत असेल त्याच्यापासून जरा लांब बस."

सायमन हसला नाही. "आणि हातावरची खूण? कपाळावरची?"

"पुढच्या अध्यायात काय आहे? कोकराच्या माणसांच्याही कपाळावर नाव आहे. त्याचं आणि त्याच्या पित्याचं. माझ्या कपाळावर दिसतंय का बघ."

तो खरंच उठला. बाईंच्या जवळ जाऊन वाकून त्यांचं कपाळ बघितलं. "सुरकुत्या," तो म्हणाला. मी बोलून दाखवलं.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "नाव आहे, पण डोळ्यांना दिसणारं नाही. योहानाच्या कितीतरी आधी मोशे या संदेष्ट्यानं लोकांना सांगितलं होतं, देवाची आज्ञा हाताला बांधा, कपाळावर बांधा. हात आणि कपाळ. का बरं?"

सायमनचं बोट आपोआप कपाळाला गेलं. आमच्या भाषेत विचार तिथंच असतो. मग दोन्ही हात एकमेकांवर आले. ते काम. तो थांबला. परत केलं. विचार. काम.

मला बोलून दाखवावं लागलं नाही. बाई ते बघत होत्या.

"त्या मशीननं तुला कुणाच्या पाया पडायला सांगितलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. हजेरी."

"कुणाला देव म्हणायला सांगितलं?"

"नाही."

"मग ते मशीन आहे. पण उद्या कुणी तसं सांगितलं, तर आज केलंस तेच कर. नोकरी सोड." मग बाई सगळ्यांकडे वळल्या. "आणि याला कुणी हसायचं नाही. तो चुकीच्या दाराशी थांबला होता, पण थांबला होता. आपल्यातल्या किती जणांनी विश्वासासाठी एक दिवसाचा पगार सोडलाय?"

कुणीही हात वर केला नाही. मीही नाही.

जाता जाता बाई मला म्हणाल्या, "पुढच्या वेळी रोम मागं ठेवा. सक्ती करणारी सगळी राज्यं छातीजवळ, ती कधीच संपत नाहीत. आणि शेवट, जिथं देव स्वतः सगळ्यांच्या डोळ्यांतलं पाणी पुसतो, तो समोर ठेवा. पण फार लांब नको. हात पोचला पाहिजे."

सोमवारी मी सायमनबरोबर हिंजवडीला गेले. कुणी बोलावलं नव्हतं, त्याचे पैसेही मिळणार नव्हते. पण बिघडवलं मी होतं.

कँटीनच्या मागच्या दाराशी सुपरवायझर उभा होता. "आला का बाबा? लाव आता एकदाचा."

सायमननं डोळे मिटले, ओठ हलवले, आणि उजवा अंगठा लावला. लाल दिवा. पुसून परत लावला. लाल. सुपरवायझर म्हणाला, "दाबून लाव." लाल. डावा अंगठा लावला, मग एकेक करत दहाही बोटं झाली. मशीन दर वेळी तेच बोलत होतं, परत प्रयत्न करा. सायमनला ते ऐकू येत नव्हतं, तेवढाच त्याचा फायदा.

सुपरवायझरनं त्याचा हात धरून उजेडात बघितला. "याला रेषाच नाहीत हो. गरम पाणी, सोडा, तारेची घासणी. सगळं गेलंय. भांड्यांच्या बायकांचंही असंच झालं. त्यांची हजेरी वहीत घेतोय."

"मग हे आठवडाभर आधी सांगायचं ना!" मी म्हणाले.

"अहो, हा मशीनला हात लावेल तर कळेल ना मला!"

मी हे सगळं सायमनला हातांनी सांगितलं. त्यानं आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं, मग मशीनकडे. आणि असा हसला की आत पोळ्या लाटणाऱ्या बायका बाहेर डोकावल्या.

"मावशी," तो म्हणाला, "मी त्याला घाबरलो, आणि त्यालाच मी नको."

वहीत सही करून तो भांड्यांवर गेला. आजही तिथंच आहे, वहीतच सही करतो.

मी तेरावा अध्याय परत केला, बाईंच्या सांगण्याप्रमाणे. या वेळी टाळ्या कमी पडल्या, प्रश्न जास्त आले. आता बँकेतलं पत्र असो की कोर्टाची नोटीस, हात उचलायच्या आधी मी विचारते, हे कुणी लिहिलंय, कुणाला, आणि कधीचं आहे. कारकून वैतागतात. म्हणतात, मावशी, तुम्ही फक्त सांगा हो. मी म्हणते, सांगण्यापुरतंच विचारतेय.